इम्युनॉलॉजीच्या ओपीडीला जाण्याआधी: कोल्हापुरातून निघताना काय जमवायचं, काय टाळायचं, काय विचारायचं

मूल सारखं आजारी पडतं, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, गळवं बरी होऊन परत उठतात. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ 'इम्युनॉलॉजिस्टला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांना दाखवा' म्हणतात. कोल्हापूरकरांसाठी याचा अर्थ बहुतेक वेळा मुंबई असा होतो. परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. तिथून जवळच केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे आणि तिथे या आजारांच्या खास तपासण्या होतात. तिथवर जायला एक रात्र लागते आणि डॉक्टरांसमोर वेळ मिळतो तो मोजका. त्या वेळात निदानाची दिशा दोन गोष्टींवर ठरते. कोणता आजार कोणत्या वयात झाला ही एक. रक्ताचा नमुना कोणत्या औषधाच्या आधी किंवा नंतर घेतला ही दुसरी. जाड फाइलमध्ये या दोन्ही तारखा सापडत नसतील, तर ती नेऊनही फारसा उपयोग होत नाही.

पुढचं सगळं प्रामुख्याने जन्मजात प्रतिकारशक्तीच्या कमतरतेबद्दल, म्हणजे प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सीबद्दल आहे. हा आजार फक्त लहान मुलांचा नाही. काही प्रकार विशी-तिशीत ओळखू येतात, आणि तयारी मोठ्यांसाठीही जवळपास हीच.

आधी हे तपासा: वेळेची वाट पाहायची की नाही

तान्ह्या बाळाला सतत जुलाब, न थांबणारा खोकला, औषधाने न जाणारा तोंडातला पांढरा थर आणि न वाढणारं वजन यांतलं दोन-तीन एकत्र दिसत असेल, तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट धरून बसू नका. बीसीजीची जागा चिघळत चालली असेल किंवा त्या बाजूच्या काखेतली गाठ वाढून फुटली असेल, तरीही तेच. यामागे एससीआयडी, म्हणजे संरक्षक पेशी जवळजवळ नसण्याचा आजार, असू शकतो आणि त्यात आठवडेही महत्त्वाचे असतात. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना थेट तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. पालकांनी ओपीडीच्या नंबरवर तासभर लावलेल्या फोनपेक्षा डॉक्टरांमधला दोन मिनिटांचा फोन जास्त काम करतो.

बाकीच्यांना कधी पाठवतात? वर्षात दोन किंवा जास्त न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणं, यकृतात किंवा त्वचेखाली खोल गळू होणं, घरात असाच आजार असणं. एवढ्याने आजार सिद्ध होत नाही. शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी झाली आणि प्रत्येक वेळी ती आपोआप बरी झाली, तर त्यात बहुधा काळजीचं काही नसतं.

एका पानाची तारीखवार नोंद

सगळ्या तयारीत सर्वात जास्त वेळ इथे घाला. कागदाच्या डाव्या बाजूला वय (वर्ष-महिना), मग आजार, शरीराचा भाग, उपचार, किती दिवस आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) जंतू सापडला असेल तर त्याचं नाव, असे रकाने करा. ओळी साधारण अशा दिसल्या पाहिजेत:

वय ७ महिने: न्यूमोनिया, डावं फुफ्फुस. ५ दिवस ॲडमिट, ऑक्सिजन २ दिवस, सेफ्ट्रियाक्सोन शिरेतून. कल्चर केलं नाही.

वय १ वर्ष २ महिने: मानेत गळू, चिरा दिला. पुवाच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस. जखम भरायला ५ आठवडे.

'सारखा ताप यायचा' या वाक्यातून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. वय इतकं महत्त्वाचं असण्याचं कारण असं. आईकडून नाळेतून आलेली आयजीजी प्रतिपिंडं बाळाला पहिले काही महिने सांभाळतात. प्रतिपिंडं न बनण्याच्या आजारात त्रास म्हणूनच बहुधा सहा महिन्यांनंतर सुरू होतो. संरक्षक पेशींच्याच आजारात तो पहिल्या काही महिन्यांतच दिसतो. म्हणजे पहिला मोठा आजार तिसऱ्या महिन्यात झाला की नवव्या, यावरून तपासण्यांची यादीच बदलते.

जंतूच्या नावाचंही तसंच. यकृतातल्या गळवात स्टॅफिलोकॉकस किंवा फुफ्फुसात ॲस्परजिलस बुरशी सापडली, तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, मनात येतो. मेनिंगोकॉकसचा मेंदूज्वर दुसऱ्यांदा झाला तर कॉम्प्लिमेंटकडे, म्हणजे जंतू मारायला मदत करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांकडे, लक्ष जातं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर 'अँटिबायोटिक दिलं' एवढंच असेल, तर कल्चर झालं होतं का हे त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाऊन विचारा. कल्चरचा रिपोर्ट अनेकदा डिस्चार्जनंतर येतो आणि लॅबमध्येच पडून राहतो.

याच पानाच्या खाली चार-पाच गोष्टी वेगळ्या लिहा. नाळ कितव्या दिवशी पडली? महिना उलटूनही पडली नव्हती, तर आवर्जून सांगायची अशी गोष्ट. बीसीजीचा वण कसा आहे? अंगावर सतत इसब असतं का? प्लेटलेट कमी झाल्या होत्या का? प्लीहा किंवा गाठी वाढल्या होत्या का? प्रतिकारशक्तीचे काही आजार संसर्गातून न दिसता अशा गोष्टींतूनच दिसतात. पालक मात्र 'ते वेगळ्या डॉक्टरांकडचं होतं' म्हणून त्या सांगत नाहीत.

कागद कुठे सापडतात

सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ॲडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्डावरचा नोंदणी क्रमांक घेऊन रेकॉर्ड विभागात अर्ज द्या. राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या खासगी हॉस्पिटलमध्ये इनडोअर पेपरची प्रत मागा. रुग्णाला ती मागण्याचा हक्क आहे, लेखी अर्ज दिला की काम लवकर होतं. निघायच्या आदल्या दिवशी मात्र हे होत नाही. किमान दोन आठवडे हाताशी ठेवा.

वजनाच्या नोंदी शोधताना लोक हॉस्पिटलचेच कागद चाळतात. गारगोटी, आजरा, शाहूवाडी भागातल्या कुटुंबांसाठी त्याहून चांगली जागा म्हणजे अंगणवाडी. तिथे दरमहा वजन घेतलेलं असतं. अंगणवाडीताईंकडून सगळे आकडे महिन्यासह उतरवून घ्या. वजनाची रेघ नेमकी कोणत्या महिन्यात आडवी झाली, हे त्यातून कळतं. लसीकरणासाठी माता-बाल संरक्षण कार्ड मूळ प्रतीत न्या. ते हरवलं असेल तर आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून तारखा मिळतात.

ज्या घरांत २०१९ किंवा २०२१ च्या पुरात कागद भिजले, त्यांनी लॅबकडे जुने रिपोर्ट पुन्हा छापून मागावेत. संगणकीकृत लॅबकडे ते बऱ्याचदा मिळतात. आता जमवलेल्या प्रत्येक कागदाचा सरळ, सावली न पडलेला फोटो काढून फोनबाहेरही कुठेतरी ठेवा. सीटी स्कॅन झाला असेल तर फिल्मवर थांबू नका, सीडी मागून घ्या. सीडी नसली की स्कॅन पुन्हा करावा लागण्याची शक्यता वाढते. यातल्या काही आजारांत, उदाहरणार्थ अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियामध्ये, किरणोत्सर्ग इतरांपेक्षा जास्त घातक असतो.

रिपोर्टवरचे दोन फसवे आकडे

बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा मोठ्या माणसांची असते. त्यातून दोन उलट्या चुका होतात.

पहिली लिम्फोसाइटची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराची. सीबीसीवर ती टक्क्यांत असते, आपल्याला संख्या हवी. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटचे टक्के, भागिले १००. समजा चार महिन्यांच्या बाळाच्या पांढऱ्या पेशी ६००० आणि लिम्फोसाइट २५ टक्के आहेत. संख्या आली १५००. मोठ्या माणसात हे ठीक, म्हणून लॅब त्यावर खूणही करत नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळात ३००० च्या खालचा आकडा तपासून पाहायलाच हवा. जुने सगळे सीबीसी काढा आणि प्रत्येकावर पेन्सिलने ही संख्या लिहा. ती सगळ्याच रिपोर्टांत कमी दिसली, तर हा कागद सर्वांत वर ठेवा.

दुसरी चूक आयजीजीची. मोठ्यांमध्ये ७०० मिलीग्रॅमच्या खाली 'कमी' छापून येतं. पाच महिन्यांच्या निरोगी बाळाचं आयजीजी ३५० असू शकतं, कारण आईचं संपत आलेलं असतं आणि स्वतःचं पुरेसं बनायला लागलेलं नसतं. या लाल अक्षरांनी घाबरून कुणी घाईने इम्युनोग्लोब्युलिन चढवलं, तर पुढचा परिच्छेद लागू होतो.

रक्त कधी द्यायचं, कुठे द्यायचं

आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देतात ते इम्युनोग्लोब्युलिन, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. ते दिल्यावर रक्तात मोजलं जाणारं आयजीजी दात्यांचंही असतं. ते निम्मं व्हायलाच तीन-चार आठवडे लागतात, म्हणून काही महिने तो आकडा रुग्णाचा स्वतःचा धरता येत नाही. लसीनंतरच्या प्रतिपिंडांच्या तपासण्याही तितकाच काळ निरुपयोगी होतात. म्हणून जीव धोक्यात नसेल तर आधी आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीईचा नमुना आणि मग आयव्हीआयजी हा क्रम स्थानिक डॉक्टरांकडे आग्रहाने मागा. जीव धोक्यात असेल तर औषध थांबवायचं नाही. फक्त ते चढवण्याआधी दोन-तीन मिलिलिटर रक्त काढून ठेवता येतं का, हे विचारायचं. आधीच दिलं असेल तर तारीख, ग्रॅममधला डोस, ब्रँड आणि बाटलीवरचा बॅच नंबर लिहून न्या. नियमित डोस चालू असणाऱ्यांचं आयजीजी पुढच्या डोसच्या अगदी आधी मोजतात.

प्रतिपिंडंच न बनवणाऱ्या रुग्णात एचआयव्हीसारख्या आजाराची प्रतिपिंड-चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. तिथे विषाणूच शोधणारी पीसीआर लागते. जुन्या रिपोर्टवर यातली कोणती तपासणी झाली होती, ते पाहून ठेवा.

आता जागेबद्दल. लिम्फोसाइट सबसेट (लिम्फोसाइटचे उपप्रकार मोजणारी) आणि सीजीडीसाठीची डीएचआर या तपासण्या जिवंत पेशींवर होतात. नमुना खोलीच्या तापमानाला राहायला हवा. डीएचआरसाठी तो साधारण २४ तासांत यंत्रावर जायला हवा आणि सोबत निरोगी माणसाचं रक्तही तुलनेला लागतं. कोल्हापुरात रक्त काढून बर्फात घालून कुरिअरने पाठवलं, तर पेशी मरतात आणि रिपोर्ट 'असाधारण' येतो. मग निष्कारण धक्का बसतो किंवा सगळं पुन्हा करावं लागतं. या दोन तपासण्यांचं रक्त तिथेच जाऊन द्या. कोणत्या वारी नमुने घेतात, हे निघण्याआधी फोन करून विचारा. सुट्टीच्या आदल्या दिवशी काही प्रयोगशाळा असे नमुने घेत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी ते लावायला कुणी नसतं.

जनुकीय तपासणीला घाई नसते. तिचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत चालतं, प्रवासही सोसतं. फक्त आई, वडील आणि मूल असे तिघांचे नमुने एकत्र लागू शकतात. म्हणून पहिल्या भेटीला शक्य असेल तर दोघांनी जा. वडील कामाला, आई आणि मामा मुंबईला, अशी व्यवस्था केली की एक फेरी हमखास वाढते.

उपाशीपोटी जायची बहुधा गरज नसते. उलट पाणी पाजा, शीर सापडते. सुईला घाबरणाऱ्या मुलासाठी बधिर करणारं मलम तासभर आधी लावायची सोय आहे का, हेही विचारा.

औषधं: काय चालू ठेवायचं, काय सांगायचं

स्वतःहून काहीही बंद करायचं नाही. को-ट्रायमोक्झाझोलसारखं प्रतिबंधक अँटिबायोटिक 'तपासणी स्वच्छ यावी' म्हणून थांबवलं आणि न्यूमोनिया घेऊनच मुंबईला पोचलं, असं होऊ देऊ नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं तर धोक्याचंच. मात्र स्टेरॉइडने लिम्फोसाइट घटतात, दीर्घकाळ दिलं तर आयजीजीही घटतं. फिटच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिन या औषधांनी प्रतिपिंडं कमी दिसू शकतात. रिटुक्सिमॅब या औषधाने प्रतिपिंडांसाठी लागणाऱ्या बी-पेशी काही महिने जवळपास शून्य होतात. औषधाचा परिणाम आणि मूळ आजार वेगळे काढायचे तर नावं आणि तारखा हव्यातच. प्रत्येक गोळीची रिकामी स्ट्रिप, बाटलीचं लेबल आणि गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या 'पुडीतल्या गोळ्या'ही न्या. त्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड असणं दुर्मीळ नाही.

'प्रतिकारशक्ती वाढवणारी' पावडर, काढा, भस्म चालू असेल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने लोक बोलत नाहीत, आणि मग वाढलेल्या यकृताच्या आकड्यांचं कारण दुसरीकडेच शोधलं जातं.

अंगावर पित्त उठणं किंवा ॲलर्जीसाठीच बोलावलं असेल, तर त्वचेवरच्या चाचणीआधी अँटिहिस्टामिन साधारण पाच ते सात दिवस बंद ठेवायला सांगतात. तेही त्यांनी सांगितलं तरच.

लसींचं मात्र नीट लक्षात ठेवा. बीसीजी, तोंडाने द्यायचा पोलिओ, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला या जिवंत लसी आहेत. पेशींच्या कमतरतेची शंका असेल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय यांतली कोणतीही देऊ नये. घरातल्या दुसऱ्या लहान मुलाचा पोलिओचा डोसही विचारूनच, कारण तो विषाणू शौचातून बाहेर पडतो. पल्स पोलिओच्या दिवशी आशाताईंना हे आधीच सांगून ठेवा. आई पुन्हा गरोदर असेल तर बाळंतपणाच्या आधीच हॉस्पिटलला लेखी कळवा, कारण बीसीजी जन्मल्याबरोबर देतात. घरच्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतली तर रुग्णाला उपयोगच होतो.

वंशावळ

आईकडचं आणि वडिलांकडचं, तीन पिढ्यांचं झाड कागदावर काढा. पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल, दगावलेल्यावर तिरपी रेघ आणि शेजारी वय. एक्स-लिंक्ड, म्हणजे एक्स गुणसूत्रातल्या दोषाचे, आजार आईकडून येतात पण मुलग्यांत दिसतात. म्हणून आईचे भाऊ, मावशीची मुलं, आजीचे भाऊ यांची विचारपूस कसून करा. लहानपणी गेलेल्या मुलांची आठवण आजीलाच असते, आणि सुनेसमोर ती ते सांगेलच असं नाही. एकटीला, शांतपणे विचारा.

आपल्या भागात मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत आहे. दोन्ही बाजूंनी एकच दोष आल्याने होणारे आजार अशा लग्नांत जास्त दिसतात. नातं असेल तर स्पष्ट लिहा. माहिती निदानासाठी असते. माहेरच्यांना बोल लावायला ती वापरणाऱ्याला घरीच ठेवून जा.

प्रवास आणि पैशाचे कागद

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीत मुंबई गाठता येते. परळला जायचं तर सीएसएमटीपर्यंत न जाता दादरला उतरणं सोयीचं. मूल अशक्त असेल तर एक दिवस आधी पोचा, रात्रभर जागलेल्या मुलाच्या अंगात तापासारखं वाटतं आणि गोंधळ वाढतो. उकळलेलं पाणी, घरचं शिजवलेलं खाणं, मास्क, थर्मामीटर आणि दोन दिवसांची जास्तीची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, सीटखालच्या नको. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, ॲडमिट करून घेतात असंही होतं.

निघायच्या दिवशी ताप आला तर? आधी इथल्याच डॉक्टरांना दाखवा आणि मग तिकडे फोन करा. धाप लागलेल्या मुलाला दहा तासांच्या प्रवासाला नेऊ नये.

आधार, मूळ रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला आणि आयुष्मान कार्ड असेल तर तेही बरोबर असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अडतं ते बहुधा मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलं नसल्यामुळे. ते काम आधी उरका. एससीआयडी, सीजीडी, विस्कॉट-ऑल्ड्रिच यांचा समावेश केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात आहे. ठरवलेल्या केंद्रांमधून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचं केईएम त्यांपैकी एक आहे.

ओपीडीत

केसपेपर काढताना काउंटरवर सांगा की प्रतिकारशक्तीची शंका आहे, गर्दीपासून लांब बसू द्या. आत गेल्यावर पहिल्यांदा ते एक पान पुढे करा, फाइल मागितल्यावर द्या. बोलायला एकानेच सुरुवात करावी. आई एक महिना सांगते, वडील दुसरा, आणि वेळ त्यातच जातो.

प्रश्न लिहून न्या. आज घेतलेल्या तपासण्यांतून नेमकं काय कळेल आणि रिपोर्ट कोण, कसा कळवेल? तोवर कोणत्या लसी द्यायच्या, कोणत्या नाही? भावंडांची तपासणी करायची का? आयव्हीआयजी लागलं तर ते कोल्हापुरात देता येईल का? डोस बहुधा दर तीन-चार आठवड्यांनी, किलोमागे ४०० ते ६०० मिलीग्रॅम असतो. म्हणजे २० किलोच्या मुलाला ८ ते १२ ग्रॅम. दर वेळी मुंबई गाठणं कुणालाच परवडत नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय निघाला तर सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. तपासणी सगळ्या भावंडांची करावी लागते.

घरच्या सवयींबद्दलही तिथेच विचारा, कारण आपल्याकडच्या सवयी मुंबईच्या डॉक्टरांना सुचतीलच असं नाही. गंगावेशीत समोर धार काढून मिळणारं दूध कितीही नामी असलं, तरी निदान होईपर्यंत या मुलाला न उकळलेलं दूध द्यायचं नाही. त्यातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. सीजीडीची शंका असेल तर शेणखत उपसणं, कुजलेलं पाचट हलवणं, पुरानंतर ओल आलेल्या भिंती खरवडणं अशा कामांच्या आसपासही मूल नको. एका वेळी भरपूर बुरशी श्वासात गेली तर अशा मुलाला काही दिवसांत जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो.

निघण्यापूर्वी एक चिठ्ठी लेटरहेडवर मागून घ्या. संशयित निदान, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर काय करायचं, अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर घ्यायचं का, आणि रक्त द्यायची वेळ आली तर इरॅडिएटेड (किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेलं) आणि पांढऱ्या पेशी गाळलेलंच हवं का, एवढं तिच्यावर असलं पाहिजे. तिच्या तीन प्रती काढा. एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलला लावा, एक घरी, एक मुलाच्या दप्तरात. रात्री दोन वाजता सीपीआरच्या अपघात विभागात तुम्हाला न ओळखणाऱ्या ड्युटी डॉक्टरसमोर तोंडी सांगण्यापेक्षा ती चिठ्ठी पुढे करणं केव्हाही बरं.